पासिर रिसच्या डब्यांखालचं साप्ताहिक

सिंगापूरला लोक बागा बघायला जातात, खरेदीला जातात. मी गेलो रद्दी वाचायला. गोष्ट नव्वदच्या दशकातली. चिपळूणला मी एक साप्ताहिक चालवत होतो. वर्गणीदार गळत चालले होते, आणि दिवाळीनंतर अंक बंद करायचा असं मनाशी जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात मेहुण्यांचं, विनयरावांचं पत्र आलं. ते जहाजावर इंजिनिअर, बिऱ्हाड सिंगापूरला. अमेरिकेतल्या एका लहानशा बंदराच्या गावी म्हणे एक साप्ताहिक दुकानांच्या दारात फुकट ठेवतात. मोठी दैनिकं ज्या गोष्टींना हात लावत नाहीत त्या त्यात छापतात, आणि तरी ते झकास चालतं! ‘गठ्ठा घरी आणून ठेवलाय, दादा. येऊन बघाच.’

फुकट? आमच्याकडे तसा अंक ठेवला, तर पहिलाच माणूस अख्खा गठ्ठा उचलून रद्दीवाल्याकडे नेईल. काही केल्या उलगडेना. शेवटी तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, विमानतळावरून पासिर रिसला, म्हणजे बहिणीच्या वस्तीत, टॅक्सीच करा, अंतर थोडं आहे. तिथल्या इमारतींच्या लिफ्टवर मात्र विसंबू नका. बहिणीचा फ्लॅट आठव्या मजल्यावर, आणि लिफ्ट थांबायची सहाव्याला, नाहीतर एकदम अकराव्याला. मी अकराव्याला पोचलो, चकल्यांचा डबा सांभाळत खाली उतरलो, आणि भलत्याच दाराची बेल वाजवली.

“वसू, गठ्ठा कुठाय?” चहाआधीच मी बहिणीला विचारलं.

“तो फुकटातला? अरे दादा, शेल्फांवर घालायला कागद नव्हता. मापात कापून घातला.”

“आणि विनयराव?”

“जहाजावर. दोन महिने तरी यायचे नाहीत. मला मेलीला काय माहीत तू त्यासाठी येतोयस!”

मी कपाळाला हात लावला. पण रागावणार कुणावर? चिपळुणात माझ्या अंकाचंही हेच होत होतं.

मग मी डबे उतरवून वाचायला बसलो. भाची ईशा शाळेतून आली आणि बघतच राहिली. “मामा, व्हाय यू रीडिंग शेल्फ? सो फनी, लाह!” तिकडच्या इंग्रजीला शेवटी हे ‘लाह’ लागतंच.

डाळींखाली मला हवा तोच लेख सापडला, ‘आम्ही फुकट का?’ दोन परिच्छेदांनंतर वसूची कात्री. उरलेला भाग कुठल्याच फळीवर मिळेना. पोह्यांखाली एका जुन्या लाकडी पुलाची हकिगत होती. नगरपालिकेला तो पाडायचा होता, आणि एक म्हातारी रोज त्यावर खुर्ची टाकून बसायची. सुनावणीचा दिवस उजाडला, बाई उभी राहिली, आणि पुन्हा कात्री! त्या पुलाने माझी झोप उडवली. लेख अर्धा राहिल्याचं दुःख मागे पडलं.

दुसऱ्या दिवशी वसूने हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, जेवायला नेलं. स्वस्त आणि मस्त, भाताबरोबरची सांबल नावाची मिरचीची चटणी मात्र बेतानं घ्या. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांची पुडी होती. फुकट समजून मी ती फोडली आणि हात पुसले.

“अरे ठेव! कुणीतरी जागा धरलीय!” वसू ओरडली.

म्हणजे पुडी ठेवून लोक खुशाल जेवण आणायला जातात, आणि ती कुणी उचलत नाही. मी सोडून. माझा गोंधळ आणखीच वाढला. अंक फुकट ठेवावा की नाही, हे माणसं बघून ठरवायचं की काय?

आठवड्याने मी होतो तितकाच गोंधळलेला परत आलो. बंद करण्याची सूचना लिहायला बसलो, तेवढ्यात शेजारच्या मालतीताई साखर मागायला आल्या.

“बरं झालं, आलात. आमच्या पिठाच्या डब्याखाली तुमचा अंक आहे. त्यात ती खाडीवरची होडी बंद करणार होते ना? पुढचं मी कापून टाकलं मेलं! त्या पलीकडच्या बायका बाजाराला येतात कशा आता?”

मी त्यांची वाटी साखरेने शिगोशीग भरली. सूचना फाडली आणि दुसऱ्या दिवशी होडीवर गेलो. साप्ताहिक पुढे बरीच वर्षं चाललं, विकतच. फुकटाचं कोडं मला आजही सुटलेलं नाही.

त्या अमेरिकन गावी मी पत्रही पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. म्हातारी काय बोलली आणि पूल राहिला की पडला, कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून कळवा.