प्रोसेसरची गाडी फलाटाला कधी लागणार?

किस्से साठवायला गोदाम लागत नाही हे फार बरं आहे. नाहीतर राजा पार्कातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा उरली नसती. सुटे भाग जोडून डेस्कटॉप बनवायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. वडील विमा कंपनीच्या बदलीवर साताऱ्याहून जयपूरला आले, निवृत्त होऊन परत गेले, मी इथेच चिकटलो. रविवारी सकाळी चारदोन मराठी मंडळी दुकानात जमतात, माझा चहा पितात आणि एकच विषय चघळतात. पुढचा प्रोसेसर बाजारात कधी येणार? विकत मात्र कोणी काही घेत नाही! या एका विषयाने मला इतके धक्के दिलेत की हल्ली फोन वाजला तर आधी स्टुलावर बसतो, मग उचलतो.

* * *

पहिला धक्का मेश्रामसाहेबांचा. साहेब मूळचे नागपूरचे, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात नोकरीला, राहायला खातीपुऱ्यात. मोठ्या कागदावर एका बाजूला स्टेशनं, दुसऱ्या बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडीची पेन्सिलीने रेघ ओढायची, यात त्यांचा जन्म गेला. आता तिथेही सगळं स्क्रीनवर आलंय, पण साहेबांचा हात पेन्सिलीचाच.

एका रविवारी त्यांनी तसलाच चार्ट माझ्या भिंतीवर चिकटवला. गाडीच्या जागी प्रोसेसर! पहिलं स्टेशन, नाव फुटलं. दुसरं, मदरबोर्डचे फोटो फुटले. तिसरं, किंमत फुटली. शेवटचं स्टेशन, माझं दुकान.

मी म्हटलं, साहेब, कशाला एवढा खटाटोप, कंपनी तारीख जाहीर करेलच की.

"कंपनीचं वेळापत्रक छापायसाठी असते," साहेब म्हणाले. "गाडी कधी येते ते कंट्रोलला विचारावं लागते."

* * *

चार्टप्रमाणे गाडी एका गुरुवारी सकाळी दहाला माझ्या दारात लागणार होती. मी गल्लीभर सांगत सुटलो, पोट धरून हसलो. बँकेतले जोगळेकर तर म्हणाले की साहेबांना रजेची गरज आहे.

गुरुवारी सकाळी वितरकाचा टेम्पो खरंच दारात उभा राहिला. नव्या प्रोसेसरचे खोके बघून माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला. साहेबांना फोन लावला. त्यांनी अभिनंदन वगैरे काही ऐकून घेतलं नाही, वेळ किती झाली ते विचारलं. मी सांगितलं, दहा वाजून बावीस मिनिटं.

"टेम्पोवाला कुठे थांबला होता ते विचारा त्याला."

विचारलं. भैया कचोरी खायला थांबला होता. वीस मिनिटं!

* * *

आता एवढं बरोबर निघाल्यावर माणूस तो प्रोसेसर घेईल की नाही? घरी गरजही होती. साहेबांची मुलगी तेजू इथेच आर्किटेक्चर शिकते. तिचा लॅपटॉप असा की एक भिंत पडद्यावर उमटेपर्यंत तिचे पोहे करून होतात, खाऊन होतात आणि बशी धुऊनही होते. हे तिनेच मला सांगितलं, हसत नाही, रडकुंडीला येऊन.

साहेब आले. खोका हातात घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि परत ठेवला. म्हणाले, पहिल्या फेरीच्या गाडीत घरची माणसं बसवत नाहीत. शिवाय पुढचा प्रोसेसर निघालाच आहे. आणि चार्टवर नवीन रेघ सुरू! मी डोक्याला हात लावला.

* * *

पुढे तर कहरच झाला. चार्टची कीर्ती बाजारात पसरली. गिऱ्हाईक आत यायचं, मला नमस्ते करायचं, भिंतीपुढे दोन मिनिटं उभं राहायचं आणि "फिर आते हैं भाईसाहब" म्हणून चालायला लागायचं. जो तो पुढच्या प्रोसेसरसाठी थांबलेला. माझ्या दुकानात मीच बिनकामाचा!

वैतागून एका सोमवारी चार्ट काढून कपाटात कोंबला. संध्याकाळपर्यंत सात जणांनी विचारलं, चार्ट किधर गया? आठवी माझी बायको होती. मुकाट्याने परत चिकटवला.

* * *

तेजूचं शेवटचं वर्ष आलं. जयपूरजवळच्या बगरू गावातल्या छपाईवाल्यांसाठी कापड रंगवायच्या आणि वाळवायच्या जागा कशा बांधाव्यात, हा तिचा प्रकल्प. मार्चमध्ये परीक्षकांपुढे मांडायचा, त्यात सगळ्या इमारतीतून फिरून आल्यासारखी फिल्म करून दाखवायची. कॉलेजची लॅब सहाला बंद. घरचा लॅपटॉप फिल्म बघूनही गरम व्हायचा, बनवायचं तर नावच नको.

जानेवारीतल्या एका रविवारी ती दुकानात आली आणि सगळ्यांदेखत वडिलांना म्हणाली की आज काहीतरी घेऊनच द्या. साहेबांनी पेन्सिलीने चार्टवरची जागा दाखवली. फेब्रुवारीअखेर. एवढे दिवस थांबलो, आता महिनाभरासाठी जुना माल घेतला तर लोक काय म्हणतील?

तेजू कधी मोठ्याने बोलत नाही. तेव्हाही नाही बोलली.

"बाबा, मतलब, सगळे पास होऊन निघून जातील आणि मी तुमच्या चार्टवरच उभी राहीन."

साहेबांनी चहा अर्धा टाकला आणि उठून गेले. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला होता. पोरीचं वर्ष जातंय आणि ह्यांना रेघेची पडलीय.

* * *

पुढच्याच आठवड्यात बाँब पडला. इंटरनेटवर कुणा निनावी माणसाने लिहिलं की कारखान्यात घोळ झालाय, प्रोसेसर आता थेट दिवाळीत. नाव नाही, गाव नाही, पण लिहिलं इतकं तपशिलात की दोन दिवसांत सगळे व्हिडिओवाले तेच बोलायला लागले. जोगळेकर धापा टाकत दुकानात आले. दिवाळीपर्यंत कोण थांबतंय म्हणाले आणि होता तो प्रोसेसर घालून मशीन घेऊन गेले. जोगळेकर! ज्यांनी माझ्याकडून आजवर माऊससुद्धा घेतला नव्हता!

साहेब आले ते चेहरा पाडून. चार्टपुढे बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता काय इलाज आहे बा. द्या जो आहे तो."

तेजूने पर्समधून सुट्या भागांची यादी काढली. तयारच होती. तासाभरात मशीन जोडून दिलं. एवढ्या घाईने मी माझ्या लग्नालाही उभा राहिलो नव्हतो.

* * *

आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो आला. नवा प्रोसेसर! चार्टप्रमाणे, दिवस न चुकता! मी मटकन स्टुलावर बसलो. दिवाळी कुठे आणि फेब्रुवारी कुठे. ती बातमी धादांत खोटी होती.

मार्चमधल्या एका रविवारी जोगळेकर लालबुंद होऊन आले. ज्याने ही अफवा सोडली त्याचं मी काय काय करीन, हे त्यांनी अस्सल पुणेरी मराठीत सांगितलं आणि चहा न पिता गेले.

तेवढ्यात तेजू पेढे घेऊन आली. मांडणी झाली होती, परीक्षकांनी फिल्म दोनदा लावायला सांगितली होती. साहेब भिंतीपाशी पाठमोरे उभे होते. तिने मला मशीनच्या खोक्यांआड ओढलं आणि हळूच म्हणाली, "काका, ती दिवाळीवाली खबर तुम्हीच टाकली ना? थँक्यू."

मी गार पडलो. "मी? अगं, मला वाटलं तू!"

ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. तिच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स वाकडा झाला. मग आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे पाहिलं.

साहेब पेन्सिलीला टोक काढत होते. मागे वळलेसुद्धा नाहीत.

"कधी कधी बरोबर वेळेवर आलेली गाडीही सिग्नलला धरून ठेवावी लागते," ते म्हणाले. "मागून घरची गाडी येऊन राहिली असली तर."