आधी खालची दारं

धरणाच्या कार्यक्रमात पुढाऱ्यांनी आमच्या त्यागावर अर्धा तास भाषण केलं आणि गावाचं नाव चुकीचं घेतलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही धरणात जाणारं आंबेगावच्या डोंगरातलं घर उतरवून निमगाव सावाजवळच्या माळावर आलो. घराचं दोन फळ्यांचं सागवानी दार आईने टाकू दिलं नाही. सुताराने ते मधोमध आडवं कापून कपाट केलं: खालच्या अर्ध्याची खालची दोन दारं, वरच्याची वरची दोन.

पहिल्याच श्रावणात खालच्या दारांना बाक आला. कडा बाहेर वळल्या, कडी लागेना. पंधरा दिवसांनी वरच्यांचं तेच. आमच्या माळावर तोवर धड पाऊस नव्हता. मी बिजागऱ्या सोडवल्या, फुगीर बाजू वर करून दारं उन्हात मांडली, वर दगड ठेवले. चार दिवसांत सरळ झाली. परत बसवली तर आठवड्यात पुन्हा बाक. आतून हात फिरवला की गार ओल, आणि गाळाचा वास.

सुतार म्हणाला, "भाऊ, ही फळी तुमच्या आज्याच्या वयाची. हिचे आता वाकायचे दिवस न्हाईत."

"भिंतीला ओल असेल."

त्याने भिंतीवर तळहात ठेवला. "भिंत तर खडखडीत हाय. रंधा मारू?"

"रंध्याला हात लावायचा न्हाई," आई म्हणाली.

तिचा हिशेब वेगळा होता. दारं वाकली की धरणाचं पाणी जुन्या घराच्या जागेत शिरलं. चैत्र-वैशाखात ती आपोआप सरळ होत, कडी लागे, म्हणजे पाणी तिथून ओसरलं. मग ती एसटीने जुन्या गावी जायची, उघड्या पडलेल्या जोत्यावर चुलीच्या जागी दिवा लावायची आणि परतायची. एका वर्षी कडी लागलीच नाही, ती गेली नाही. त्या उन्हाळ्यात जोतं पाण्याखालीच राहिलं. मी याला योगायोग म्हणत असे. शब्द सोयीचा आहे.

शेवटी मी शास्त्राची वाट धरली. दारं बाहेरून रंगवलेली, आतून कोरी. ओल एकाच बाजूने शिरते, म्हणून लाकूड वाकतं. आळेफाट्याहून ऑइलपेंट आणला आणि आतून तीन हात दिले. वर्षभर चारही दारं ताठ राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला मी ती उघडून दाखवली.

जूनमध्ये आईचा जुन्या गावचा एक भाचा आला. "मावशी, यंदा आला न्हाईत? जोतं महिनाभर उघडं व्हतं."

"मला कळलंच न्हाई," आई म्हणाली. कपाटाच्या ताठ दारांकडे बघत तिने चहा ओतला.

महिन्याभराने मी घरी आलो तर ती कपाट उघडून विळ्याने आतला रंग खरवडत बसली होती. जमिनीवर हिरवे पापुद्रे. पाऊस आमच्याकडे अजून नव्हताच.

"सरक," मी म्हणालो, आणि पत्र्याचा तुकडा घेऊन शेजारी बसलो.

रंगाखाली लाकूड ओलं होतं. तळापासून वीतभर ओलं, त्यावर कोरडं. खालच्या दोन्ही दारांवर ओल एकाच सरळ रेषेत थांबली होती.

आईने रेषेवर बोट ठेवलं. "उंबरा बुडाला," ती म्हणाली. "वरची पण खरवड, बाबा. पाणी वर यायलाच लागलंय."

मी वरच्या दारांकडे वळलो.