हातगुण

मुकुंदवाडीतला दवाखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, वय झालं. खरं कारण होतं उजवा हात. गेल्या वर्षापासून तो कापतो. सलाईन लावताना आधी पेशंटचा हात धरायचा की स्वतःचा, असा प्रश्न पडायला लागला, तेव्हा समजायचं ते मी समजले.

निरोपसमारंभाची अपेक्षा नव्हतीच. पण ज्यांच्या घरातले आज्यापासून नातवापर्यंतचे ताप मी उतरवले, त्यांनी बातमी ऐकून काय विचारावं? "मॅडम, गाळा भाड्यानं देणार का?" एकाला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. एकीला तपासायचं टेबल हवं होतं, ब्यूटी पार्लरसाठी. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण शाळेत पाठ केली होती. वैद्य मरेपर्यंतही लोक थांबत नाहीत, हे कुणी शिकवलं नव्हतं.

बाकीच्यांचं जाऊ दे. ते मोठ्या हॉस्पिटलात जातील, खिसा रिकामा करून येतील. मला घोर होता एकाच बाईचा.

ती बिडकीनकडची, धनगराची म्हातारी. मेंढरं विकली, मुलगा कंपनीत लागला आणि हिला ब्लडप्रेशर लागलं. गोळ्या कुठल्याही मेडिकलमधून आणायची, पण पाकीट माझ्या हातून पदरात पडल्याशिवाय एक गोळी तोंडात घालायची नाही, हा तिचा रिवाज. मी दरवेळी चिडायचे. "अगं, गुण गोळीत असतो, हातात नाही." "व्हय बाई," म्हणायची आणि पदर पसरायची. एकदा मी भाचीच्या लग्नाला गेले, तर हिनं आणलेल्या गोळ्या तशाच डब्यात ठेवल्या आणि चक्कर येऊन अंगणात पडली. दवाखाना बंद म्हणजे हिच्या गोळ्या बंद, इतकं सरळ गणित होतं.

शेवटच्या आठवड्यात ती आली तेव्हा मी पलीकडच्या गल्लीतल्या नव्या डॉक्टरला बोलावून घेतलं. तरुण पोरगी, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. म्हातारीला म्हटलं, "आता ह्या बाई तुला गोळ्या देतील."

म्हातारीनं तिला खालीवर न्याहाळलं. "लई ल्हान हाय. हिच्या हाताला गुण कुठून यायचा?"

मी भडकले. मेंदूतली नस फुटेल, एक अंग जाईल, सून तरी किती दिवस करील, सगळं ओरडून सांगितलं. ती ढिम्म. मग म्हणाली, "मंग तुमचा हात ठिवा हिच्या हातावर. देऊन टाका गुण."

पोरगी हसली. मला हसू आलं नाही. अंगारे, गंडेदोरे, दृष्ट यांच्याशी मी जन्मभर भांडले. दाराला लिंबू-मिरची टांगू दिली नाही. आणि जाताजाता माझ्याच टेबलावर हे! उजवा हात मी टेबलाखाली मांडीवर दाबून धरला होता.

"ठिवा की," म्हातारी म्हणाली. "कापाय लागलाय त्यो. समदा गुण सांडायच्या आत ठिवा."

म्हणजे तिला ठाऊक होतं. बहुधा सगळ्या मुकुंदवाडीला ठाऊक होतं आणि मी आपली वय झालं, वय झालं करत बसले होते. संताप आला, रडूही आलं. तरी मी हात वर काढला आणि त्या पोरीच्या हातावर ठेवला. तिनं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. तो काही थांबला नाही.

मग तिनं पाकीट उचलून म्हातारीच्या पदरात टाकलं. म्हातारीनं तिथंच एक गोळी काढली आणि माठातल्या पाण्याबरोबर गिळली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दारात चप्पल घालून ती मागं वळली. आता मला काहीतरी म्हणेल, म्हणून मी खुर्चीत सावरून बसले. तिनं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीकडं पाहिलं.

"बाई, तुमचा दवाखाना सकाळी कितीला उघडतो?"