आईच्या धवल्यातल्या मोकळ्या जागा

माझ्या आईची वाचा गेली तेव्हा मी मांडवाच्या मागं तिचीच नक्कल करत होतो.

आई धवलारीण होती. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाला भट असो नसो, धवलारीण लागते. हळद असो नाय तर उंबराची फांदी आणायची असो, ती धवला गाते, एकेका देवाला नाव घेऊन बोलावते, तेव्हा कुठं लग्न लागतं. आणि मी तिचा थोरला. दिवसभर मिठागरात लाकडी फावड्यानं मीठ ओढायचो, आणि लग्न आलं की लुगडं नेसून तिचेच धवले वाकडे करून गायचो. देवाच्या जागी बोंबील, वरमायच्या जागी म्हैस. शाळेचं तोंड मी एकदाच बघितलं, मास्तरांच्या शेंगा खायला शेळी आत शिरली तेव्हा. शेळी माझ्यापेक्षा जास्त वेळ बसली.

त्या दिवशी हळदीच्या वेळी आतून आईचा आवाज जड यायला लागला. शब्द घसरत होते. बाहेर बसलेले बाप्ये हसायला लागले. एक जण ओरडला, "आरं, आज म्हातारी पोराची नक्कल करतेय!" सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मंग आतून ताट पडल्याचा आवाज आला आणि बायका रडायला लागल्या.

उजवं अंग गेलं, जीभ गेली. पनवेलच्या डॉक्टरानं बघितलं, हात धुतले आणि देवाचं नाव घेतलं. डॉक्टर देवाचं नाव घ्यायला लागला की समजायचं.

आमची बाय, माझी धाकटी बहीण, ओवे गावाला द्यायची ठरली होती. लगीन वैशाखात. आईचं एकच बोलणं असायचं, गावातल्या पोरी मी वाटेला लावल्या, आता माझीला लावायची. ती आता चटईवर पडून छपराकडं बघायची. बाय मला बोलली, "दादूस, तुला तर सगले येतात ना तिचे? बोल ना मला. मी पाठ करते. माझ्या लग्नात दुसऱ्या गावचा धवला नको मला."

मी तोंड उघडलं. बोंबील आला. परत उघडलं. म्हैस आली.

इतकी वर्षं आईच्या मागं फिरलो, चाल सगळी पाठ, कुठं श्वास घ्यायचा ते पाठ. पण शब्द जे डोक्यात होते ते सगळे माझे. तिचे मी कधी ऐकलेच नव्हते. त्यांच्यावर काय बसवायचं एवढंच ऐकत होतो. बाय उठून भाताला लागली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवसांत मिठाच्या गोणी घेऊन पनवेलच्या बाजारात गेलो होतो. वाचनालयाच्या दाराशी फळ्यावर काहीतरी लिहिलेलं, चार माणसं वाचत होती. मी पण वाचल्यासारखं करून मान डोलवत उभा राहिलो. बाजूला एक टांगेवाला होता. तो बोलला, "मान कशाला हलवतोस? तिथलं पुसलेलं हाय."

खरंच, मी कोपऱ्यातल्या कालच्या पुसलेल्या ओळींवर मान डोलवत होतो.

त्यानं मला वाचून दाखवलं. लिहिण्याची स्पर्धा. आपल्या भागातलं जुनं, गाणं, गोष्ट, आठवण, जे कुठं छापलेलं नाय ते लिहून आणायचं. शिमग्याच्या आत. निवडतील ते लोकांसमोर वाचणार आणि वाचनालयात जपून ठेवणार. बक्षिसाचं मी ऐकलंच नाय. जपून ठेवणार, एवढंच कानात बसलं. आमच्या घरात तर काहीच जपून राहात नव्हतं, माणूससुद्धा.

"मला लिहिता येत नाय," मी बोललो.

"मला येतं. पण माझ्याकडं लिहायला फक्त घोडा हाय. तुझ्याकडं काय हाय?"

"आई हाय."

असा तो माझा दोस्त झाला. मला तो 'खारट' बोलायचा, कारण माझ्या अंगाला मिठाचा वास यायचा. मी त्याला 'टांगेवाले' बोलायचो, त्याच्या अंगाला काय वास यायचा ते सांगायला नको. दुपारी सवारी नसली की स्टँडच्या झाडाखाली तो कागद घेऊन बसायचा. मी चाल गुणगुणायचो, तो लिहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं कागद खाली ठेवला.

"ए खारट. इथं म्हैस कशी काय?"

"ती मी टाकलेली."

"मग म्हशीच्या आधी कोण होतं तिथं?"

मला नाय आठवलं. भर दुपारी, बाजारात, घोडा बघत असताना मला रडू आलं. टांगेवाला घाबरला. बोलला, "खुदाकसम, मी म्हशीला वाईट नाय बोललो रे."

मंग त्यानं एक युक्ती काढली. आईचा डावा हात चालत होता. मी घरी जाऊन एकेक जागा तिला विचारायची. बरोबर असलं तर तिनं बोट दाबायचं, नाय तर नाय. मिठागरातून आलो की मी चटईपाशी बसायचो. "आये, हितं आंबा हाय का उंबर?" बोट नाय. "हलद? तांदूल?" बोट नाय. "पानी?" तिनं दाबलं! एका शब्दाला संध्याकाळ जायची. थोडे दिवस असं चाललं. मंग एकदा तिनं हात ओढून घेतला आणि पदराखाली घातला. मी बोललो, विनवलं, तिच्या समोर माकडासारखं करून दाखवलं. तिनं तोंड फिरवलं. अर्धं तोंड होतं, तेवढं फिरवलं.

बाय चुलीपाशी होती. ती बोलली, "मांडवाशिवाय धवला बोलायला लावतोस तिला? येडा का काय तू? लगीन नसलेल्या घरात धवलारणीनं धवला बोलायचा नसतो. तिनं मला पन कधी असा शिकवला नाय. आपशकून समजते ती."

मला हे ठाऊक नव्हतं. धवलारणीच्या घरात वाढलो आणि ठाऊक नव्हतं, कारण मी तर कुठंही गायचो. गटारावर बसून पण.

शिमगा जवळ आला होता. आईचं जेवण कमी झालं होतं, पेज पण बाहेर यायची. मी दोन दिवस विचार केला. माझ्या विचारानं आजपर्यंत कधी चांगलं झालेलं नाय, पण दुसऱ्या कुणाचा मिळाला नाय. मंग मी अंगणात मांडव घातला. चार बांबू, वर पेंढा, आणि मेढीच्या खांबाला उंबराची फांदी. शेजारीण वाकून बोलली, "कोनाचं लगीन रं?"

"माझं."

"तुला कोन देतंय पोरगी?"

"म्हनून तर आधी मांडव घातला. बघून कोन तरी येईल."

आईला चटईसकट उचलून मांडवाखाली आणलं. टांगेवाला कागद घेऊन आला. आईनं वर फांदीकडं बघितलं आणि पदराखालचा हात बाहेर काढला. आम्ही दिवसभर बसलो. पाणी, माती, आजे-पणज्यांची नावं, बरंच सापडलं. काही जागा मात्र नाय सापडल्या. मी झाडं बोललो, देव बोललो, भांडी बोललो, ती बोट हलवायची नाय. तोंड उघडायची, नुसता वारा यायचा. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि टांगेवाल्यानं कागद मिटला.

तेवढ्यात आमचा काका आला. मांडवाकडं बघून तो दारातच थांबला. "उंबराची फांदी लावलीस? आता हलदीशिवाय ती उतरवशील कशी? रिकामा मांडव उतरवला तर या घरात परत लगीन व्हायचं नाय."

"काका, मी तर नुसतं..."

"तुझं सगलं नुसतंच असतं."

त्याच पावली तो ओव्याला गेला, सोयऱ्यांच्या पाया पडला, आणि बायचं वैशाखातलं लगीन येत्या गुरुवारी ठरवून आला. बाय माझ्यावर मडकं घेऊन धावली. "माझं लगीन हाय का तुझी परीक्षा? लुगडं नाय, बांगड्या नाय, आये अशी पडलेली!" मी पळालो नाय. मडकं फुकट गेलं नसतं तर मी उभाच राहिलो असतो, पण ते पाण्याचं शेवटचं मडकं होतं, म्हणून हातातून घेतलं.

लग्नाच्या आधी आम्ही दोघं वाचनालयात कागद द्यायला गेलो. तिथले मास्तर चष्मा वर करून वाचत होते. त्यांना आवडलं, हे तोंडावर दिसत होतं. मंग त्यांचं बोट एका जागी थांबलं. "इथे रिकामं का सोडलंय?"

"तिथला शब्द सापडला नाय."

"अहो, मग तुम्हीच काहीतरी जुळवा. तुम्हाला जमतं असं ऐकलंय मी. अपूर्ण मजकूर स्पर्धेत बसत नाही. भरलंत तर हे नक्की निवडलं जाईल."

लिहिता येत नाय तरी मी पेन्सिल हातात घेतली. नक्की निवडलं जाईल. आईचा धवला कपाटात, काचेच्या आत. मी त्या मोकळ्या जागेकडं बघत बसलो आणि आतून बोंबील वर यायला लागला, शपथेनं सांगतो. पेन्सिल टांगेवाल्याकडं दिली. तो मास्तरांना बोलला, "नाय मास्तर. माहीत नाय तिथं मोकळंच ठेवा. खोटं भरलं तर उद्या खरं कुठलं ते कुणालाच कळणार नाय."

मास्तरांनी कागद परत दिला. त्यांना वाईट वाटलं होतं. टांगेवाल्यानं खिशातून स्पर्धेसाठी लिहिलेला आपला घोड्याचा लेख काढला, बघितला, आणि परत खिशात घातला. "दे ना तू तरी," मी बोललो. "घोडा कुठं जातोय," तो बोलला. "पुढच्या साली देईन." त्यानं कधीच दिला नाय.

गुरुवारी शेजारच्या गावची धवलारीण आली. बाईचा गळा चांगला होता. आई मांडवाच्या कडेला चटईवर. उंबरापाशी आल्यावर ती बाई थांबली. "हितला धवला या घरचा वेगला असतो. तो मला येत नाय. कोन बोलतंय?"

बायनं पाटावरनं माझ्याकडं बघितलं. बोलली, "दादूस."

मी उठलो आणि लोक हसायला लागले. अजून काय बोललो पण नव्हतो. मागनं एक जण ओरडला, "लुगडं कुठं हाय रं?" मी गायला लागलो. टांगेवाला बाजूला कागद धरून बसलेला, ओठांनी शब्द दाखवत होता. लोक म्हशीची वाट बघत होते. म्हैस आली नाय. हळूहळू गप्प झाले.

पहिली मोकळी जागा आली. मी थांबलो. आणि चटईवर आवाज आला. आईचा डावा हात. टप, टप, टप. बरोबर जेवढी मोकळी जागा तेवढेच ठोके, मंग थांबला, आणि मी पुढं गेलो. दुसऱ्या जागेला पण तसंच. तेव्हा मला कळलं. शब्द तिच्या आत सगळे होते, जागच्या जागी. बाहेर यायला वाट नव्हती, आणि मी इतके दिवस भलत्याच झाडांची, भांड्यांची नावं तिला विचारत बसलो होतो.

तिसऱ्या जागेला मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला. ओठ हलत होते. गरम वारा लागला कानाला. काहीच नाय कळलं.

गाणं संपलं. टांगेवाला डोळे पुसत जवळ आला. "ए खारट, कुणी हसलं नाय रे."

"हो ना," मी बोललो. "पहिल्यांदाच माझा खेळ पडला."

बायला हळद लावायला बायका पुढं झाल्या. चटईवर आईचा हात अजून वाजत होता. गाणं संपलं हे तिला सांगायचं कुणी, म्हणून आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.