पहिल्याच भावाला होकार

फर्निचरच्या कारखान्यात खरेदी बघणाऱ्या बाईंना सगळे ‘तीनभाव ताई’ म्हणत. स्क्रूचं खोकं असो की पॉलिश पेपर, तीन दुकानांचे भाव समोर आल्याशिवाय त्यांची सही होत नसे. लाकूड चिकटवायचा सरस विकणारा म्हणायचा, ताईंकडे जायचं तर घरून जेवूनच निघावं.

त्याच ताईंनी स्वतःची जमीन पहिल्याच भावाला विकली.

त्या आठवड्यात नवऱ्याला झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. कारखान्यात माणसं कमी करणार, अशी कुजबुजही तेव्हाच सुरू झाली. ताई तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. डोळ्याला डोळा नाही, पोटात धड अन्न नाही. गावाबाहेर त्यांच्या नावावर छोटा प्लॉट होता, दोघांनी बारा वर्षं हप्ते भरून घेतलेला. घाबरून त्यांनी तो विकायचंय असं एका एजंटाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: गिऱ्हाईक आहे, पण आजच काय ते सांगा. ताईंनी आकडा ऐकला आणि हो म्हणाल्या. आठवड्यात सह्याही झाल्या.

पुढे दवाखान्याचं बहुतेक बिल विम्यातून भागलं. नोकरी टिकली. प्लॉटचे पैसे बँकेत नुसते पडून राहिले आणि चार महिन्यांनी शेजारचा तुकडा जवळजवळ दुप्पट भावाने गेला.

ताई घेणाऱ्याच्या घरी गेल्या, जास्त पैसे देऊन परत घ्यायला तयार झाल्या. त्याने पाणी दिलं, नवऱ्याची चौकशी केली. पण प्लॉटवर त्याच्या मुलीच्या घराचा पाया खणून झाला होता.

“वहिनी, मला एक फोन तरी करायचा,” नणंद म्हणाली.

“वेळ होता गं. पण मला तो विचारच संपवायचा होता. हो म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं, की बाकावरच झोप लागली.”

नवरा एवढंच म्हणे, जाऊ दे. एका सकाळी ताईंना ते सहन झालं नाही.

“सारखं जाऊ दे म्हणू नका. हप्ते तुम्हीही भरलेत. एकदा तरी चिडा माझ्यावर.”

तो डाव्या हाताने शर्टाची गुंडी लावत होता. ती दोनदा निसटली.

“चिडलोय,” तो म्हणाला.

ताई मदतीला उठल्या नाहीत. समोर बसून राहिल्या.