हरण्याची रेघ

बैलगाड्याच्या शर्यतीत बैल न पळवताही हरवता येतो, हा शोध आमच्या घराण्यात मी लावला. (त्याआधी घराण्याच्या नावावर एकच शोध होता. चुलत्यांनी विहिरीसाठी पाण्याची जागा शोधली होती, पण ती शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली.)

मी पुण्यात एका कंपनीत आहे. मोबाईलच्या ॲपमध्ये जे आलेख दिसतात, ते मी काढतो. आळ्यात, म्हणजे आमच्या गावात, हे समजावून सांगणं अवघड. "पोरगं काय करतं पुण्यात?" असं कुणी विचारलं की आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगतात, "मोबाईलात रेघा वढतं."

"मोजणीखात्यात हाय व्हय?"

"न्हाई वो. मोजणीवाल्याच्या रेघंखाली निदान जमीन तरी असती!"

आता आण्णांच्या फेट्याचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आई निरगुडसरची. लग्नात मामानं, म्हणजे आईच्या भावानं, भर मांडवात आण्णांना टोला हाणला, "दाजी, तुमच्या आळ्याची बैलं नांगराला झकास! पण आमच्या घाटात आणू नगा. चढालाच झोपत्याल."

घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी. आमच्या भागात माणसाला काहीही बोला, तो सोडून देईल. बैलाला बोललात तर संपलं! आण्णांनी तिथल्या तिथं डोक्यावरचा फेटा उतरवला. "माझा बैल तुमच्या घाटात पळंल, तवाच डोक्याला फेटा लावीन!" बोडका नवरदेव बघून फोटोग्राफर एवढा गांगरला, की पुढचे सगळे फोटो त्यानं गळ्यापासून खाली काढले.

आण्णांनी शब्द पाळला. माझ्या लग्नात अख्खा मांडव फेट्यात आणि वरबाप टोपीत! माझ्या सासऱ्यांना वाटलं, व्याही रुसलेत. ते बिचारे रात्रभर समजूत काढत बसले. (माझी बायको सुप्रिया अजून म्हणते, "बाबांनी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, की रुसवा माणसाचा आहे का बैलाचा!")

आणि मग घरच्या गाईला हरण्या झाला. काय सांगू राव! हरण्या पळायला लागला की त्याची सावली मागून धापा टाकत यायची. आण्णांनी त्याला खारीक, खोबरं, अंडी, दूध घालून असा वाढवला, की मलाही कधी कधी वाटायचं, आपण चुकीच्या गोठ्यात जन्माला आलो.

मामाही आता निवळला होता. त्याच्या गाड्याचे तीन बैल पक्के होते, चौथ्याची जागा मोकळी होती. (आमच्याकडं गाड्याला चार बैल लागतात. पुढं घोडी पळते आणि मागं अख्खं गाव.) त्या जागेला दोन उमेदवार. एक आमचा हरण्या आणि दुसरा मामाच्या शेजाऱ्याचा तुफान. तुफान हे नाव त्याला वासरू असताना ठेवलेलं. त्यात त्याचा काही दोष नाही. दोघांना आळीपाळीनं जुंपून सराव घ्यायचा आणि जो सरस ठरेल तो जत्रेत पळवायचा, असं ठरलं.

इतकं सरळ चाललं होतं. इथं मी मध्ये पडलो.

"मामा," मी म्हणालो, "मी ॲपच बनवून देतो! गाडा सुटला की बटण दाबायचं, पोचला की परत दाबायचं. किती वेळ लागला त्याचा आलेख आपोआप. दोन बैल, दोन रेघा!"

"आन आकडं?"

"आकडे कशाला? आकड्यांनी पडदा गचाळ दिसतो. रेघच बोलेल!"

काळ्याशार पडद्यावर दोन झळझळीत रेघा. बाकी काही नाही. कंपनीत अशा कामाला 'स्वच्छ' म्हणून पाठीवर थाप मिळते. (कंपनीत बैल नाहीत.)

आण्णांच्या आणि मामाच्या फोनात ॲप टाकून दिलं. दर रविवारी आण्णा हरण्याला टेम्पोत घालून निरगुडसरला न्यायचे. तिसऱ्याच रविवारी आईचा फोन. आवाज रडवेला.

"किरण, लवकर ये. हरण्याची रेघ खाली चाललीय!"

घरी पोचलो तर ओसरीवर सुतकी बैठक. आईनं हरण्याची दृष्ट काढलेली, कपाळाला अंगारा, शेजारच्या काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "लई गुणाचा व्हता वो!" हरण्या मात्र निवांत रवंथ करत होता.

"आण्णा, अहो रेघ खाली म्हणजे वेळ कमी! वेळ कमी म्हणजे बैल जोरात! ही तर आनंदाची गोष्ट आहे!"

आण्णांनी माझ्याकडं, मी त्यांचाच मुलगा आहे ना, अशा नजरेनं पाहिलं. "कांद्याचा भाव खाली आला तर तू पेढं वाटतो का?"

"कांदा वेगळा आणि..."

"टमाट्याची रेघ खाली आली की आमी रस्त्यावर वततो. खाली म्हंजी खाली! हितं काय तुझ्या कंपनीचं राज्य हाय?"

तिकडं मामाला फोन लावला. तोही गळाठलेला. त्याला समजवायला संध्याकाळ गेली. शेवटी पटलं. "आस्सं! म्हंजी जो खाली, त्यो भारी! मग हरण्याच घेतो की!" आण्णांना मात्र काही केल्या पटेना. फोन उलटा धरून ते रेघेकडं बघायचे. तेवढंच त्यांना समाधान.

सुप्रिया म्हणाली, "अहो, एवढी माणसं बदलत बसण्यापेक्षा ॲप बदला ना."

आणि मला साक्षात्कार झाला! एक वजाचं चिन्ह घातलं की आलेख उलटा. मग वर ते भारी, खाली ते वाईट. कांद्यासारखं! मी चहा निवायच्या आत चिन्ह घातलं, नवं व्हर्जन पाठवलं. आण्णांच्या फोनात हरण्याची रेघ सणसणीत वर गेली. आईनं देवापुढं साखर ठेवली. काकूंनी "लई गुणाचा हाय वो!" अशी दुरुस्ती केली.

मी ताबडतोब मामाला फोन लावला. कामात चोख माणूस मी!

"मामा, नवं पाठवलंय. आता उलटं वाचायचं. वर जाईल तो भारी, खाली जाईल तो बाद!"

"आरं, परवा तर तू म्हणाला..."

"परवाचं विसरा. आता वर ते वर. डोळे झाकून रेघेवर विश्वास ठेवा!"

"बरं बाबा. तू शिकलेला."

आता एवढीच बारीक गोष्ट राहिली, की मामाच्या फोनात नवं व्हर्जन गेलंच नव्हतं. मामाच्या फोनात रोज पहाटे शंभरभर सुप्रभात येतात. उगवता सूर्य, गुलाबाची फुलं, हात जोडलेली बाळं. फोन इतका ठासून भरलेला, की त्यात नवी टाचणी शिरायला जागा नाही! फोन म्हणाला, "जागा शिल्लक नाही." मामानं 'नंतर' दाबलं आणि जनावरांना पाणी पाजायला गेला.

म्हणजे आलेख जुना आणि वाचायचा नियम नवा. हे मला कधी कळलं? थेट जत्रेत!

जत्रेच्या दिवशी आम्ही नारायणगाव मागं टाकून वाजतगाजत निघालो. हरण्याच्या अंगावर झूल, शिंगांना रंग, टेम्पोला केळीचे खुंट. आईच्या पिशवीत ओतूरच्या बाजारातून आणलेला कोरा केशरी फेटा. आण्णा वाटेत कुणालाही थांबवून सांगत होते, "हरण्या पळणार हाय आज. मेव्हण्याच्या घाटात!" एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला त्यांनी दोनदा सांगितलं. त्याचा रस्ता वेगळा होता, तरी तो बिचारा आमच्या मागं आला.

घाटात पोचलो तर मामा आमची नजर चुकवतोय. चार बैल जुंपून तयार. त्यात चौथा तुफान! उभ्या उभ्या डुलक्या घेणारा.

"पावणं," आण्णांचा आवाज बदलला, "ह्ये काय?"

"दाजी, राग मानू नगा. पण रेघंम्होरं माझं काय चालतंय? हरण्या पार तळाला गेलाय आन तुफान वर वर चढतोय. भाचेबुवांनीच सांगितलं, वर जाईल त्यो भारी!"

"मी?" मी ओरडलो.

"मग काय म्या? डोळ्याला तर हरण्याच पळताना दिसायचा. पण म्हटलं, आपलं डोळं म्हातारं, मोबाईल नवा!"

"दाखवा फोन!"

दोन फोन शेजारी शेजारी धरले. आण्णांच्या फोनात हरण्या आभाळाला टेकलेला. मामाच्या फोनात तोच हरण्या विहिरीत पडलेला. बघ्यांची गर्दी जमली. एक म्हातारबा दोन्ही पडद्यांकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "दोन बैल हाईत का?"

"एकच हाय, आजोबा."

"मग मोबाईल प्यालाय."

मामाला सगळा घोळ समजला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आरं देवा! दाजी, आत्ता बदलतो बैल!" तो धावला, तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला. गाडा घाटाच्या तोंडाशी लागला होता. आता बदल नाही म्हणजे नाही.

आईनं हातात धरलेला फेटा आण्णांनी हळूच पिशवीत सारला आणि हरण्याची वेसण धरून चढाच्या कडेला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी मलाच गाड्याला जुंपावं.

"झाली! झाली! झाली! भिर्रर्रर्र!" भोंग्यावरून आरोळी उठली.

गाडा सुटला. पुढं घोडी, मागं मामाचे तीन जातिवंत बैल आणि त्यांच्यात तुफान. तीन बैल गाडा ओढत होते आणि गाड्यासोबत तुफानलाही! भोंग्यावरचा निवेदक सुरुवातीला जोरात होता. "आला! आला! आला!" मग जरा थांबला. "येतोय... येतोय..." मग पाणी प्यायला. "अजून येतोय, मंडळी. जागेवर बसून घ्या."

आणि तेवढ्यात आमच्या हातून काहीतरी सुटलं!

'भिर्रर्र' ऐकल्यावर हरण्याला कोण धरणार? त्यानं मानेला एक हिसडा दिला. वेसण आण्णांच्या हातातून, झूल त्याच्या अंगावरून आणि मामाची टोपी वाऱ्यानं, तिन्ही एकदम उडाल्या. हरण्या मोकळ्या घाटात शिरला आणि निघाला! गाड्याला त्यानं मागं टाकलं. तुफानला मागं टाकताना म्हणे क्षणभर वळून पाहिलं. घोडीला मागं टाकलं तेव्हा घोडीच बुजली. घाटाच्या डोक्यावर तो पोचला तेव्हा खालची धूळ अजून उठायचा विचार करत होती!

निवेदकाचं भान सुटलं. "अरे, बैल आला! गाडा कुठाय? मंडळी, बैल पुढं आन गाडा मागं! कुणाचा हाय ह्यो बैल?"

"आळ्याचा!" आण्णा चढावरून बेफाम पळत सुटले होते. साठीचा माणूस, पण त्यांचीही वेळ लावायला हवी होती! "आळ्याचा हाय! माझा हाय! हरण्या!"

पंच मंडळींची बैठक बसली. बिनगाड्याच्या बैलाची वेळ धरता येत नाही, यावर एकमत झालं. बक्षीस नाही, नंबर नाही. पण नारळ आणि गुलाल द्यायचा, यावरही एकमत झालं. कारण अख्खा घाट हरण्याच्या नावानं ओरडत होता.

गुलालानं लाल झालेला मामा आईजवळ आला. "आक्का, फेटा काढ."

"कशाला? गाड्याला कुठं पळाला त्यो?" आण्णा म्हणाले.

"दाजी, तुमचा शब्द मी मांडवात माझ्या कानानं ऐकलाय. 'माझा बैल तुमच्या घाटात पळंल.' गाड्याचं नाव तुमी काढलंच नव्हतं! पळाला का न्हाई आमच्या घाटात?"

आण्णांनी विचार केला. मग डोकं पुढं केलं. मामानं स्वतःच्या हातानं फेटा बांधला. आई डोळे पुसत होती आणि हरण्या फेट्याचा शेमला चघळत होता.

फेटा आण्णांनी पुढं आठवडाभर काढला नाही. झोपतानासुद्धा! आकडे मी ॲपमध्ये मुकाट्यानं घातले, शिवाय रेघ उलटी करायला वजाच्या चिन्हाचं बटणही. मामाचे सुप्रभात पुसायला मात्र घरातल्या सगळ्यांना पाळीपाळीनं बसावं लागलं. त्यातही मामा एकेक बाळ वाचवत होता.

परवा गावी गेलो तर आण्णांच्या फोनात नवा बैल दिसला. नाव: किरण. मी सुट्टीला आलो की, आई पहिली हाक मारते तेव्हा आण्णा बटण दाबतात आणि मी अंथरुणातून उठलो की परत दाबतात. रेघ अगदी आडवी. डावीकडून निघालेली, उजवीकडं गेलेली, मध्ये एक टेंगूळसुद्धा नाही.

"वजाचं चिन्ह घालून बघितलं, काढून बघितलं," आण्णा म्हणाले. हे त्यांना सुप्रियानं शिकवलंय. "उलटी करा न्हाईतर सुलटी करा, ह्यो गडी हाय तिथंच!"

रेघ मामालाही पाठवलेली होती. त्याचा लगेच फोन आला, "भाचेबुवा, पुढच्या जत्रेला तुफानशेजारी जागा मोकळी हाय. जोडी झकास जमंल. येता का?"

मी म्हणालो, कळवतो. उठलो की.