धाकटीचा हात

माणसं दारात उतरवायची, ती पुराणवस्तूंचं संग्रहालय बघून येईपर्यंत उन्हात बस राखत बसायचं, आणि पुन्हा भरून न्यायची. ड्रायव्हरची सगळी नोकरी यात गेली. दारापर्यंत आणणाऱ्याला आत कुणी बोलावत नाही. जगाची रीतच आहे ती, आणि आग लागो त्या रीतीला.

तरी गडी रिकाम्या हाताने घरी गेला नाही. परतीच्या वाटेवर प्रवासी जे बोलत, ते कान देऊन ऐकायचा आणि बायकोला सांगायचा. तिचे गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. दिवसभर शिलाई मशीन आणि खिडकी. त्या सगळ्या ऐवजात तिचा जीव जडला एका मातीच्या बाहुलीवर. प्रवासी म्हणत, हिला एकच हात आहे. बायकोने तिचं नाव ठेवलं धाकटी.

"अहो, धाकटी कशी आहे?" तो चपला काढतोय तोच विचारायची.

"तुझ्यासारखीच. जागची हलत नाही."

"कुणा मेल्याने हात मोडला हो तिचा?" मग कापडाचा तुकडा उलटसुलट करत, "एका बाहीचा झगा शिवावा लागेल."

तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती गेली. घरात विचारणारं कुणी उरलं नाही. शेवटी एक दिवस तो त्याच बसचं तिकीट काढून खिडकीशी बसला, प्रवाशासारखा. तिने नुसतं ऐकून जिला आपलं केलं, तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

धाकटी काचेच्या पेटीत उभी होती. जेमतेम बोटाएवढी. खरंच एक हात. तो निघायला वळला. पण निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारून चाकं बघायची, ही जन्माची सवय. पायांनी आपसूक पेटीला वळसा घातला. दुसरा हात पाठीमागे होता. मुठीत काहीतरी, आईपासून लपवावं तसं.

"अरे, हात आहे हिला!" तो ओरडला.

पहारेकरी धावत आला. "काका, हळू! आहेच की हात. लोक समोरून बघतात आणि पळतात."

"एकालाही मागे जाता आलं नाही? माझी बायको झुरली रे हिच्या हातासाठी!"

"मग आता घरी जाऊन सांगा काकूंना. खूश होतील."

ओठांवर आलेली शिवी तिथेच विरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली बातमी होती, आणि बायकोला हवी होती तीच.

"सांगतो," तो म्हणाला, आणि काचेपाशीच उभा राहिला. बाहेर बसचा हॉर्न प्रवाशांना बोलावत होता.